गुठळी न दिसताही सापडते ती कशी

पायातल्या खोल शिरेत धरलेली रक्ताची गुठळी सुटते आणि हृदयातून जाऊन फुफ्फुसाच्या धमनीत अडकते. हा पल्मनरी एम्बोलिझम. एकाएकी धाप लागते, श्वास घेताना छातीत कळ येते. पण अशी लक्षणं न्यूमोनियातही दिसतात, म्हणून निदान चुकतं.

हे निदान करणाऱ्या व्ही-क्यू स्कॅनमध्ये, म्हणजे फुफ्फुसातली हवा आणि रक्त यांची चित्रं ताडून पाहणाऱ्या तपासणीत, गुठळीचा फोटो निघत नाही. हवा पोचते पण रक्त पोचत नाही, असा फुफ्फुसाचा भाग त्यात शोधतात. रुग्ण आधी टेक्निशियम या किरणोत्सर्गी मूलद्रव्याचे बारीक कण श्वासातून आत घेतो आणि त्यांचे किरण टिपणारा गॅमा कॅमेरा हवेचा नकाशा काढतो. मग शिरेतून अल्ब्युमिन या प्रथिनाचे टेक्निशियम लावलेले काही लाख कण सोडतात. ते केशवाहिन्यांपेक्षा जाड असल्याने तिथेच अडकतात. ऐकून धस्स होईल, पण हजारात एखादी केशवाहिनीही अडत नाही आणि काही तासांत कण विरघळून जातात. टेक्निशियमही दर ६ तासांनी निम्मं होतं. हे इंजेक्शन झोपवूनच देतात, कारण बसलेल्या माणसाच्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला रक्त कमी जातं. सिरिंजमध्ये रक्त मागे ओढायचं नाही, हेही तंत्रज्ञ कटाक्षाने पाळतात. नाहीतर कणांचे गोळे होऊन चित्रात खोटे ठिपके उमटतात.

हवेच्या चित्रात भरलेला भाग रक्ताच्या चित्रात पाचरीसारखा रिकामा दिसला, की तो 'मिसमॅच'. न्यूमोनियात बहुधा दोन्हीकडे रिकामं दिसतं.

१९९० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 'पायोपेड' अभ्यासाने याची मर्यादाही दाखवली. स्कॅन पूर्ण नॉर्मल किंवा ठळक मिसमॅचचा असेल तर भरवशाचा. पण बऱ्याच जणांचा निकाल अधलामधला आला. पुढे सी.टी. अँजिओग्राफी, म्हणजे शिरेतून औषध सोडून रक्तवाहिन्यांचा काढलेला सी.टी. स्कॅन, आली आणि तातडीच्या वेळी तीच पहिली झाली, ते योग्यच आहे.

तरीही मूत्रपिंडं अधू असतील किंवा सी.टी.च्या औषधाची ॲलर्जी असेल तिथे हाच स्कॅन कामाला येतो. गरोदर बाईच्या स्तनांना यात सी.टी.पेक्षा खूपच कमी किरणोत्सर्ग मिळतो. छातीचा एक्स-रे स्वच्छ असेल तर अनेकदा नुसत्या रक्ताच्या चित्रावरही भागतं.

खरी हळहळ वाटते ती जुन्या गुठळ्यांच्या रुग्णांबद्दल. गुठळी विरघळत नाही, धमनीच्या आतल्या बाजूला चिवट थर होऊन बसते आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण वाढत जातो. सी.टी.त हे निसटू शकतं. व्ही-क्यू स्कॅन नॉर्मल आला तर मात्र हा आजार जवळजवळ नाहीच, असं म्हणता येतं. यांतल्या अनेकांचा तो थर शस्त्रक्रियेने सोलून काढता येतो. पण महिनोन्महिने 'दमा असेल' म्हणून पंप ओढणाऱ्या रुग्णाला हा स्कॅन करायला कोणीतरी सांगायला हवं.