पुसलेले फोटो, पुरलेली नाणी

२०१५ साली इंग्लंडमध्ये चारेक महिन्यांच्या अंतराने गुप्तधनाचे दोन साठे सापडले. दोन्ही स्कँडिनेव्हियातून येणाऱ्या व्हायकिंग लुटारूंच्या स्वाऱ्यांच्या काळातले, इसवी सन ८७८च्या आसपास पुरलेले. दोन्ही सापडले ते मेटल डिटेक्टर घेऊन रानोमाळ फिरण्याचा छंद असलेल्यांना.

ऑक्सफर्डशायरमधल्या वॉटलिंग्टनचा साठा ज्याला लागला, त्याने लगेच कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी नाणी एकेक न उचलता भोवतालच्या मातीसकट सगळा गोळाच काढला आणि मग सावकाश उकलला. १८६ नाणी निघाली. त्यातल्या १३ नाण्यांवर दोन सम्राट शेजारी शेजारी बसलेले दिसतात. हे नाणं वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि शेजारच्या मर्सियाचा राजा केओलवुल्फ या दोघांनीही पाडलं होतं. आल्फ्रेडच्या बाजूने लिहिलेल्या बखरीत केओलवुल्फ म्हणजे व्हायकिंगांच्या हातचं बाहुलं. नाणी सांगतात की काही काळ तरी दोघं बरोबरीने कारभार करत होते.

दुसरा साठा हेरफर्डशायरमधल्या लेमिन्स्टरजवळ निघाला. तो ज्या दोन छंदवाल्यांना लागला, त्यांनी ना शेतमालकाला सांगितलं ना सरकारला, गुपचूप विकायला सुरुवात केली. पकडले गेले तेव्हा मोबाइलमधून पुसलेले फोटो पोलिसांनी परत मिळवले. फोटोतला ढीग पाहून तज्ज्ञांनी अंदाज बांधला की नाणी तीनशेच्या घरात असावीत. हाती लागली तीसेक. दोघांना २०१९ मध्ये तुरुंगवास झाला, पण उरलेली बहुतेक नाणी गेली ती गेली.

हे प्रकरण निदान उघडकीला आलं. या गुन्ह्याची खरी अडचण अशी, की तक्रार करायला कुणी नसतं. खड्डा बुजवला की शेतकऱ्यालाही पत्ता लागत नाही. रात्री चोरून असा शोध घेणाऱ्यांना तिकडे ‘नाइटहॉक’ म्हणतात. मग अशा चोऱ्या किती होतात, हे मोजायचं कसं?

त्याआधी मेटल डिटेक्टर काय करतो ते पाहू. यंत्र मुळात साधं आहे. तळाच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. त्यामुळे धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे विजेचे प्रवाह उठतात, त्यांचंही एक क्षुल्लक क्षेत्र तयार होतं आणि दुसरं वेटोळं ते टिपतं. ते किती मागे पडून येतं यावरून लोखंड की चांदी याचा अंदाज येतो. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर, फार तर फूटभर खोलीवर कळते. वस्तू मातीच्या कोणत्या थरात होती, शेजारी काय होतं, हे यंत्राला कळत नाही. तेच तर पुरातत्त्वज्ञाला हवं असतं.

इंग्लंड-वेल्समध्ये जमीनमालकाची परवानगी असेल आणि जागा संरक्षित नसेल, तर हा छंद कायदेशीर आहे. १९९६च्या कायद्यानुसार ‘खजिना’ ठरू शकणारी वस्तू १४ दिवसांत कळवावी लागते. बाकीच्या वस्तू स्वखुशीने नोंदवण्यासाठी १९९७ पासून ब्रिटिश म्युझियमची योजना चालते, तिच्यात पंधरा लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्यात. आयर्लंडमध्ये मात्र परवान्याशिवाय पुराणवस्तू शोधायला डिटेक्टर चालवणं हाच गुन्हा. मग कुठली पद्धत वारसा जास्त वाचवते?

सॅम्युएल हार्डी या संशोधकाने २०१७ मध्ये याचं उत्तर इंटरनेटवर शोधलं. छंदवाले आपले शोध मिरवतात. त्यांचे ऑनलाइन गट असतात, ‘आठवड्याला किती तास फिरता’ असे कौल असतात. सदस्य मोजायचे, तासांनी गुणायचे, दर तासाला काय मिळतं त्याने पुन्हा गुणायचं आणि आलेला आकडा अधिकृत नोंदींशी ताडून पाहायचा. हार्डींचा निष्कर्ष असा, की मोकळीक दिल्याने नुकसान कमी होत नाही. पुढच्याच वर्षी सहा पुरातत्त्वज्ञांनी मिळून त्यांना लेखी उत्तर दिलं: देशोदेशीचे कायदे आणि रीती इतक्या वेगळ्या आहेत, की असा सरसकट हिशेब चालत नाही.

मला यात दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात. गुणाकाराची गंमत पाहा. समजा गटात १०,००० माणसं आहेत. प्रत्येक जण वर्षाला १०० तास फिरतो आणि शंभर तासांत नोंदण्याजोग्या २ वस्तू मिळतात, तर वर्षाच्या २०,००० वस्तू झाल्या. तेच ३०० तास आणि दर शंभर तासांना ६ वस्तू धरल्या, तर १,८०,०००. दोन्ही अंदाज तिपटीनेच चुकले, उत्तर नऊपट फुगलं. शिवाय एकच माणूस चार गटांत असतो, कुणी परदेशातून नुसता बघायला आलेला, कुणाचं यंत्र माळ्यावर धूळ खात पडलेलं. आणि जो खरोखर रात्री खणतो, तो फोटो टाकेल कशाला? म्हणजे हा आकडा बोलक्या माणसांचा.

तरीही तो टाकाऊ नाही. अधिकृत नोंदी तरी कुठे निःपक्षपाती आहेत? तिथे कळवणाऱ्यांचीच मोजदाद होते. दोन्ही वाकड्या पट्ट्या शेजारी ठेवल्या तर फरकाचा अंदाज येतो. बाजारावरची नजर त्या मानाने सोपी, कारण विकणाऱ्याला माल दाखवावाच लागतो. न कळवलेला खजिना विक्रीला येतो का हे पाहण्यासाठी ब्रिटिश म्युझियमने २००६ मध्येच ईबे या ऑनलाइन बाजाराशी हातमिळवणी केली. फेसबुकने ऐतिहासिक वस्तूंच्या विक्रीवर बंदी घातली ती २०२० मध्ये.

आपल्याला हे सगळं लांबचं वाटायला नको. संभाजी महाराजांच्या फौजेने १६८१ मध्ये बुऱ्हाणपूर लुटलं. महाराजांवरचा हिंदी चित्रपट गाजत असताना, २०२५ च्या मार्चमध्ये, बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाखाली मुघलांचं सोनं आहे अशी आवई उठली. लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतं उकरू लागले, काहींच्या हातात मेटल डिटेक्टर होते. बोभाटा झाला तो व्हिडिओ पसरल्यामुळेच. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर ते कलेक्टरला कळवा, असं सांगणारा १८७८ चा कायदा भारतात आहे. पण हौशी लोकांनी स्वखुशीने वस्तू नोंदवाव्यात अशी ब्रिटनसारखी योजना नाही. त्यामुळे असे शंभर व्हिडिओ कुणी जमवून मोजले, तरी ताडून पाहायला दुसरी पट्टी आपल्याकडे नाही.