इंजिन बदलल्यावर दिवे मंदावले, म्हणजे अल्टरनेटर गेला?

जुन्या गाडीत दुसरे इंजिन बसवल्यानंतर दिवे मंदावले किंवा मीटरचे काटे थरथरू लागले, की अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारे जनित्र) नाहीतर बॅटरी बदलावी, हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. मात्र असा दोष बहुधा अर्थिंगचा, म्हणजे इंजिन व बॉडीमार्गे बॅटरीकडे परतणाऱ्या प्रवाहाच्या वाटेचा असतो.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसत असल्यामुळे बॉडीशी त्याचा विद्युत संपर्क जाड अर्थ पट्टीवरच अवलंबून असतो, आणि अदलाबदलीत नेमकी तीच पट्टी विसरली जाते किंवा रंगावर, गंजावर आवळली जाते. मग स्टार्टरचा शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधूनही वाट काढतो. ती केबल तापलेली आढळली, तर निदान जवळजवळ झालेच.

पट्टीचा रोध केवळ ओहममध्ये मोजून भागत नाही, कारण तुटत आलेल्या पट्टीची एकच तार शाबूत असली तरी मीटर जवळपास शून्य दाखवतो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला व दुसरे इंजिनच्या उघड्या धातूला लावावे आणि स्टार्टर फिरवावा, ०.५ व्होल्टहून अधिक फरक दिसल्यास अर्थिंग सदोष समजावे.

अल्टरनेटर निर्दोष असूनही चार्जिंग होत नसेल, तर चार्जिंगचा इशारादिवा पाहावा: अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला वीजनिर्मिती सुरू करून देणारा सुरुवातीचा उत्तेजक प्रवाह त्या बल्बमधूनच जातो, म्हणून बल्ब गेला की चार्जिंगही अडते.