बॅरन आणि नारकोंडम: नेमकं कोणतं धुमसतं?

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना ही जोडी हमखास चकवते. अंदमान समुद्रातली दोन चिमुकली ज्वालामुखी बेटं. ‘एक जागृत, एक सुप्त’ असं घोकायचं आणि पेपरात नेमकं उलटं लिहायचं. त्यापेक्षा दोन्ही बेटं डोळ्यांसमोर उभी करावीत.

बॅरन पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला, सुमारे 135 किलोमीटरवर. पाण्यावर दिसतं जेमतेम साडेतीनशे मीटर, पाया मात्र दोन किलोमीटरहून खोल समुद्रतळावर. आकार एका बाजूने काठ तुटलेल्या परातीसारखा. सुमारे 2 किलोमीटर रुंदीचं कुंड, भोवती उंच कडा, तो पश्चिमेकडे फुटलेला, आणि मधोमध राखेचा काळा शंकू. इथल्या उद्रेकाची पहिली नोंद 1787 ची. एकोणिसाव्या शतकातल्या काही उद्रेकांनंतर तो दीर्घकाळ शांत राहिला आणि 1991 मध्ये पुन्हा पेटला. तेव्हा लाव्हा त्या फुटक्या बाजूनेच समुद्राकडे उतरला. दगड बेसॉल्टच्या जातीचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण. पण सह्याद्रीतला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि इथला काही तर आपल्या हयातीतला! मला यात फार नवल वाटतं.

नारकोंडम तिथून उत्तरेला, साधारण तितक्याच अंतरावर. क्षेत्रफळ जेमतेम 7 चौरस किलोमीटर, पण उंची 710 मीटर, बॅरनच्या दुप्पट. इथल्या लाव्ह्यात सिलिका जास्त, म्हणून तो चिकट. दूर वाहण्याआधीच थिजून त्याचे ढीग चढत गेले. त्यामुळे परात नाही, थेट समुद्रातून उठलेला डोंगर. माणसाच्या नोंदीत इथे उद्रेक नाही. म्हणूनच घनदाट जंगल टिकलं आणि त्या जंगलात नारकोंडम धनेश. कोकणातल्या धनेशाचा हा भाऊबंद जगात दुसरीकडे कुठेही रानात आढळत नाही. बेटावर पोलिसांची चौकी आहे, तेव्हा काटेकोरपणे निर्मनुष्य म्हणायचं ते बॅरनलाच.

जन्मकथा दोघांची एकच: भारतीय भूपट्ट पूर्वेकडे खाली दबत जातो, खोलवरचा खडक वितळतो आणि वर येतो.

नावांचा घोळ मात्र परीक्षांहून जुना. नारकोंडम हे ‘नरककुंड’वरून आलं असं सांगतात. मग इतक्या हिरव्या बेटाला ते कसं चिकटलं? काही अभ्यासकांच्या मते ते मुळात आग ओकणाऱ्या बॅरनचंच नाव. पुढे नकाशांवर चुकून उत्तरेकडच्या बेटावर गेलं.