गेलेला करंट परत आला का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या मामाचं घर मंगळुरी कौलांचं. पावसाळ्यात मागच्या भिंतीला नुसता हात लावला तरी ओल लागते. परड्याकडच्या न्हाणीला लागून वॉशिंग मशिन ठेवलंय. मिरगाच्या पावसात त्याच्या पत्र्याला झिणझिण्या यायला लागल्या, तसा मामानं वायरमन बोलावून मशिनच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे तेवढा करंट गळला की वीज तोडणारा खटका, बसवून घेतली. बोर्ड नवा बसतोच आहे, तर न्हाणीच्या दिव्याची नि झिरो बल्बची बटणंही त्यातच घातली.

मग गंमत सुरू झाली. मशिन बिनतक्रार चाले, झिरोचा एलईडी बल्बही लागे. पण न्हाणीतल्या ९ वॅटच्या बल्बचं बटण दाबलं की ‘खट्’. आरसीसीबी खाली, मशिन बंद.

“पीसच खराब हाय,” मामा म्हणाला. “काढून टाकतो नि थेट जोडतो.”

पीस ठणठणीत होता. तो आपलं काम जरा जास्तच चोख करत होता.

आरसीसीबीच्या पोटात लोहचुंबकीय पदार्थाचं एक कडं असतं. त्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. फेजनं जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलनं परत आला, तर दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात आणि कडं शांत राहतं. थोडा करंट ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेला की हिशेब चुकतो, कड्यावरच्या तिसऱ्या वेटोळ्यात वीज उपजते आणि खटका पडतो. किती करंट गेला याच्याशी तिला देणंघेणं नाही. परत आला का, एवढंच ती बघते.

एमसीबीचं, म्हणजे जास्त करंट वाहिला की पडणाऱ्या नेहमीच्या खटक्याचं, काम वेगळं. ती तार जळू नये म्हणून असते. ओल्या अंगाचा रोध १००० ओहम धरला तर २३० व्होल्टला पाव अँपिअरच्या आसपास करंट वाहतो. माणूस मरायला एवढा पुरे, पण ६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

अमेरिकेतले प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून हातात धरलेली तार किती करंटपर्यंत सोडता येते ते मोजलं. पुरुषांची सरासरी निघाली १६ मिलिअँपिअर. त्यापुढे स्नायूच तार आवळून धरतात. म्हणून तिकडचे संरक्षित प्लग ५ मिलिअँपिअरच्या आसपासच तुटतात. आपली ३० वाली झटका जाणवू देते, पण हृदयाचे ठोके बिघडण्याआधी वीज तोडते.

आता मामाचा बोर्ड. बटणाला फक्त फेज लागतो. वायरमननं तो नव्या प्लगवरून, म्हणजे आरसीसीबीच्या पुढून, लूप मारून घेतला. बल्बचं न्यूट्रल मात्र आधीपासूनच वर होतं, स्वयंपाकघराच्या जुन्या लाईनीचं. ते कोण कशाला उपसतंय? दिवा लागला, काम झालं! पण ९ भागिले २३० म्हणजे सुमारे ३९ मिलिअँपिअर करंट आरसीसीबीतून जात होता आणि भलत्याच वाटेनं घरी परतत होता. तिच्या लेखी ही गळतीच. झिरो बल्ब जेमतेम काही मिलिअँपिअर खातो, म्हणून तो सुटला. जिन्याच्या टू-वे बटणात फेज खालचा नि न्यूट्रल माडीवरचं घेतलं तरी हाच घोळ होतो.

उपाय दोन. बल्बांचं न्यूट्रलही आरसीसीबीच्या पुढचंच घ्यायचं, किंवा बटणांचा फेज स्वयंपाकघराच्या जुन्या लाईनीवरून घ्यायचा. मी दुसऱ्याच्या बाजूचा. मशिननं रात्री खटका पाडला आणि ओल्या फरशीवर दिवाही गेला, तर पाय घसरायचा. खर्च झेपत असेल तर दिव्यांच्या लाईनीला वेगळी आरसीसीबी बसवावी, म्हणजे तीही उघडी राहत नाही.

पण मग एकाच बोर्डात दोन लाईनी येतात. आरसीसीबी पाडली तरी दिव्याच्या बटणात फेज जिवंतच. बोर्ड उघडण्याआधी मेन पाडायचा आणि टेस्टर लावून बघायचं, आणि हे काम जाणत्या वायरमननंच करायचं. आणखी एक: फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात धरले, तर आरसीसीबीही वाचवत नाही. तिच्या हिशेबात तुम्ही म्हणजे एक बल्बच!

तारा बदलून झाल्यावर मामानं आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण दाबून बघितलं. हे बटण मुद्दाम थोडी गळती करून यंत्राची परीक्षा घेतं. महिन्यातून एकदा दाबावं. मशिन बंद पडलं, दिवा चालू राहिला. मग त्यानं बोर्डाच्या झाकणावर मार्करनं लिहिलं, ‘आत दोन लाईनी’. शेजारच्या पोराकडून खाली तेच कानडीतही लिहवून घेतलं. पुढचा वायरमन कोण येईल, कुणास ठाऊक.