स्वयंपाकाचा ओटा : पृष्ठभागाचे साहित्य

उभ्याने स्वयंपाक करण्यासाठी बांधलेल्या ओट्याच्या वरच्या थराला लावले जाणारे दगड व कृत्रिम पदार्थ यांचा येथे विचार केला आहे. टिकाऊपणा आणि डाग न धरणे हे गुण बहुधा एकत्रच मागितले जातात, परंतु त्यांची कारणे निरनिराळी आहेत. ओरखडे खनिजांच्या कठिनतेवर, रंगाचे डाग दगडाच्या सच्छिद्रतेवर, तर लिंबू, चिंच वा कोकम सांडून पडणारा फिकट चट्टा दगडाच्या रासायनिक घटनेवर अवलंबून असतो. हा चट्टा म्हणजे खरे पाहता दगडाचीच झीज असल्यामुळे तो घासून निघत नाही. पुन्हा पॉलिशच करावे लागते.

ग्रॅनाइट सर्रास मिळू लागण्यापूर्वी महाराष्ट्रातील घरांत ओट्यासाठी कडप्पा मोठ्या प्रमाणावर वापरला जाई, आणि ओट्याखालचे कप्पे आजही पुष्कळदा त्याचेच असतात. आंध्र प्रदेशातून येणाऱ्या या काळ्या, थरयुक्त चुनखडकाचे नाव जिल्ह्यावरून पडले असले, तरी भूविज्ञानात प्राचीन खडकांच्या ज्या मोठ्या समूहाला कडप्पा महासंघ म्हणतात त्यात त्याची गणना करणे बहुधा योग्य नाही. भूवैज्ञानिक विल्यम किंग यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या वर्णनात कडप्पा व कर्नूल हे शैलसमूह वेगळे मानले, आणि बाजारातील बराचसा कडप्पा दगड त्यांपैकी वरच्या, म्हणजे कर्नूल गटातील नार्जी चुनखडकाचा असतो. या गटाच्या वयाविषयी मतभेद आहेत. त्याच्या तळाशी असलेल्या बनगानपल्ले पिंडाश्मात (गोटे एकत्र जुळून बनलेल्या खडकात) हिरे सापडतात. ते आंध्र प्रदेशातीलच वज्रकरूर परिसरातील, सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीच्या किंबरलाइटांतून (हिरे वर आणणाऱ्या ज्वालामुखीजन्य खडकांतून) आले असे धरल्यास गट त्यानंतरचा ठरतो. काही अभ्यासक तो याहून जुना मानतात, तथापि पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. वय काहीही असो, हा दगड मुख्यतः कॅल्साइट या कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाचा आहे. खनिजांची कठिनता १ ते १० अशी दर्शवणाऱ्या मोस मापक्रमावर कॅल्साइटाची कठिनता ३ असून आम्लाने ते विरघळते. त्यामुळे कडप्प्याचा ओटा वर्षानुवर्षे मोडत नाही, पण करडा व निस्तेज होत जातो. तेलाचा हात फिरवल्यास काळेपणा तात्पुरता परततो. शहाबाद, कोटा आणि संगमरवर यांनाही हीच मर्यादा लागू पडते.

ग्रॅनाइटातील क्वॉर्ट्झ (कठिनता ७) व फेल्स्पार (सुमारे ६) यांच्यावर स्वयंपाकातील आम्लांचा सहसा परिणाम होत नाही. मात्र व्यापारात काळे ग्रॅनाइट म्हणून विकले जाणारे दगड पुष्कळदा गॅब्रो किंवा डोलेराइट या गडद अग्निजन्य खडकांच्या वर्गांतील असतात. प्रकाशम जिल्ह्यातील चिमकुर्तीचा, सोनेरी ठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलक्सी’ हा असाच गॅब्रोवर्गीय दगड होय. घट्ट कणरचनेमुळे हे दगड तेल व रंग कमी शोषतात, म्हणून फोडणी आणि हळद रोजची असलेल्या स्वयंपाकघरासाठी फिकट, भरड कणांच्या ग्रॅनाइटपेक्षा तेच श्रेयस्कर समजावेत. खरेदीपूर्वी नमुन्यावर पाण्याचा थेंब काही मिनिटे ठेवावा. तेथे दगड गडद झाला, तर तो शोषक असून त्याला सीलर (छिद्रे बुजवणारे द्रव्य) लावावा लागेल. लिंबाचा थेंब पुसल्यावर चकाकी गेल्यास दगडात कॅल्साइट आहे असे समजावे.

हळदीचा डाग कर्क्युमिन या रंगद्रव्याचा असतो. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलातून मात्र सहज पसरते. साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थाने डाग लालसर होतो व तो पक्का झाल्यासारखा वाटतो. वस्तुतः कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही. ऊन येणाऱ्या खिडकीजवळच्या फिकट ओट्यावरील डाग काही दिवसांत आपोआप पुसट होतात.

क्वॉर्ट्झचा चुरा रेझिनमध्ये (प्लास्टिकसारख्या घट्ट होणाऱ्या द्रव्यात) बांधून केलेल्या कृत्रिम लाद्या जवळजवळ अशोषक असतात व त्यांना सीलर लागत नाही, परंतु शेगडीवरून उतरवलेली तापलेली कढई थेट टेकवल्यास रेझिन करपते. त्या कापताना उडणारी स्फटिकी सिलिकेची (क्वॉर्ट्झ हे तिचेच रूप) धूळ कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग जडवते. या कारणास्तव ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा लाद्यांचे उत्पादन, पुरवठा व बसवणे यांवर बंदी घातली. नैसर्गिक ग्रॅनाइटातही सिलिका असते, परंतु तिचे प्रमाण सामान्यतः बरेच कमी असते. तरीही कोणताही दगड पाणी सोडत कापणे आवश्यक आहे.

स्टेनलेस स्टीलचे पत्रे डाग धरत नाहीत. त्यांवर ओरखडे मात्र उठतात. त्यांचा वापर मुख्यतः खानावळी व उपाहारगृहांत आढळतो.