लठ्ठपणा आणि शरीरातला छुपा दाह

लठ्ठपणा, टाईप २ डायबेटिस, फॅटी लिव्हर, हार्टचे आजार या सगळ्यांसोबत शरीरात वर्षानुवर्षं चालू राहणारा जो बारीक दाह सापडतो त्याला मेटाबॉलिक इन्फ्लमेशन किंवा थोडक्यात मेटाफ्लमेशन म्हणतात. पाय मुरगळला की सुजतो, लाल होतो, ठणकतो आणि आठवड्याभरात उतरतो, तसं इथे काहीच दिसत नाही. ताप नाही, दुखणं नाही, त्यामुळे माणसाला पत्ताच नसतो. पेशी मात्र त्याच असतात आणि केमिकल्सपण तीच, फक्त आच एकदम मंद ठेवलेली आणि गॅस बंद करायला कुणीच येत नाही असा प्रकार.

आधी चरबीबद्दल एक गोष्ट. बरीच वर्षं डॉक्टरसुद्धा चरबी म्हणजे जास्तीची एनर्जी साठवायची जागा, बाकी तिला काही काम नाही असंच धरून चालायचे. 1994 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमला लेप्टिन म्हणजे चरबीतून निघणाऱ्या, भूक आवरणाऱ्या हार्मोनचा जीन सापडला आणि चरबी मेंदूला निरोप पाठवते हे पक्कं झालं. त्याच्या एक वर्ष आधी, 1993 ला, बोस्टनमध्ये गोखान होतामिस्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन वगैरे मंडळींनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा नावाचं प्रोटीन भरपूर तयार होतंय हे दाखवलं होतं. हे प्रोटीन तोपर्यंत इन्फेक्शन आणि कॅन्सरच्या संदर्भातच ओळखीचं होतं, ते चरबीत काय करतंय म्हणून त्यांनी ते अडवून पाहिलं तर उंदरांवर इन्सुलिनचा परिणाम सुधारला. या विषयाची खरी सुरुवात इथून धरतात.

आता हे होतं कसं. आपण खर्चापेक्षा जास्त खात राहिलो की चरबीच्या पेशी फुगत जातात, एका मर्यादेनंतर त्यांना ऑक्सिजन पुरत नाही, काही मरतात, आणि मेलेल्या पेशी साफ करायला मॅक्रोफेज म्हणजे सफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशी येतात आणि मेलेल्या पेशीभोवती कडं करून बसतात. लठ्ठपणात चरबीत मॅक्रोफेज जमतात हे 2003 मध्ये अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या टीमनी एकाच वेळी छापलं. बारीक उंदराच्या चरबीत मॅक्रोफेज दहा टक्क्यांच्या आत आणि खूप लठ्ठ उंदरात जवळपास निम्म्या पेशी त्याच, म्हणजे चरबी म्हणून आपण जे धरतो त्यात इम्यून सिस्टीमचीच गर्दी. या पेशी टीएनएफ-अल्फा, आयएल-६, आयएल-१ बीटा असले दाह वाढवणारे पदार्थ सोडतात, त्यामुळे स्नायू आणि लिव्हरच्या आत इन्सुलिनचा सिग्नल अर्ध्यातच अडतो. मग पॅन्क्रियाज जास्त इन्सुलिन सोडतं, काही वर्षं निभावतं, नंतर थकतं. दुसरीकडे चरबीत न मावलेली फॅटी ॲसिड्स लिव्हरमध्ये जाऊन साठतात, सोनोग्राफीच्या रिपोर्टवर "ग्रेड वन फॅटी लिव्हर" लिहून येतं ते हेच, आणि तिथेही परत तोच दाह. चरबीतूनच निघणारं पण चांगलं काम करणारं ॲडिपोनेक्टिन नावाचं हार्मोन मात्र चरबी वाढली की कमी होतं, हा त्यातला उलटा भाग. आतड्यातल्या बॅक्टेरियाचे तुकडे रक्तात झिरपून यात भर घालतात असंही उंदरांत दिसलंय, माणसात ते किती महत्त्वाचं यावर अजून वाद आहे.

सगळी चरबी सारखी नसते, आणि मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. मांडीवरची, कातडीखालची चरबी बऱ्यापैकी निरुपद्रवी, पोटाच्या आत अवयवांभोवती आणि लिव्हरमध्ये जमणारी त्रासदायक. 2004 मध्ये अमेरिकेत पंधरा लठ्ठ बायकांची लायपोसक्शनने पोटाच्या कातडीखालची साधारण दहा किलो चरबी काढली, आणि काही आठवड्यांनी तपासलं तर इन्सुलिनचा परिणाम, सीआरपी (दाह असला की रक्तात वाढणारं प्रोटीन), आयएल-६, काहीच सुधारलं नव्हतं. वजनकाट्यावर एवढा फरक आणि रक्तात शून्य!

इथे पुण्याचा संबंध येतो. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 ला लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) 22.3, अगदी सारखा, पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी वाय वरून याला वाय-वाय पॅराडॉक्स म्हणतात. गंमत म्हणजे हेच युडकिन, माणसाच्या कातडीखालची चरबी रक्तात आयएल-६ सोडते हे 1997 मध्ये दाखवणाऱ्या टीममध्ये होते. याज्ञिकांच्या टीमने पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवलाय. तिथल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साऊदम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो, पण वजन एवढं कमी असून पाठीवरची चरबी त्या मानाने जवळपास टिकून, कमी काय तर स्नायू आणि पोटातले अवयव. म्हणून "बारीक पण चरबीवालं बाळ". त्याच टीमने गावातले, शहरातल्या झोपडपट्टीतले आणि मध्यमवर्गीय पुरुष तपासले तर मध्यमवर्गीयांत चरबी जास्त आणि दाहाच्या खुणापण जास्त. म्हणजे आपल्याकडे "मी कुठे जाडाय" म्हणणारा माणूसही या यादीत असू शकतो, आणि म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय 23 च्या पुढे जास्त वजन आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात, कंबरेची मर्यादा पुरुषांत 90 सेंमी आणि बायकांत 80 सेंमी. 2023 मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या मोठ्या सर्व्हेत देशात डायबेटिसचे 10 कोटींवर पेशंट निघाले, त्यामागे अर्थात फक्त दाह नाही, आनुवंशिकता आहे, खाणं आहे, बैठं काम आहे.

मग दाह कमी करायचं औषध दिलं की डायबेटिस जाईल का? तर असं सरळ नाहीये. जुनी गोष्ट म्हणजे 1876 मध्ये जर्मनीत एबस्टाईन यांनी सोडियम सॅलिसिलेटच्या मोठ्या डोसने लघवीतली साखर कमी झालेली पाहिली होती, ॲस्पिरिनच्या घराण्यातलंच औषध, नंतर सगळे विसरून गेले. सव्वाशेक वर्षांनी बोस्टनमध्ये त्याचं कारण शोधलं गेलं आणि त्याच घराण्यातल्या सॅलसॅलेटचे ट्रायल झाले, 2013 मधल्या ट्रायलमध्ये एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी टेस्ट) सरासरी 0.37 पॉइंटने उतरलं, म्हणजे उतरलं खरं पण थोडंसं. संधिवाताला वापरतात ते टीएनएफ अडवणारं इटानरसेप्ट लठ्ठ माणसांना देऊन पाहिलं, सीआरपी कमी झालं पण इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे इन्सुलिनचा परिणाम नीट न होणं, तसाच. उंदरांत चाललं ते माणसात चाललं नाही. 2017 ला दहा हजारांवर हार्टच्या पेशंटवर कॅनाकिनुमॅबचा ट्रायल झाला, आयएल-१ बीटा अडवल्यावर हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे 15 टक्क्यांनी कमी झाले, पण नवीन डायबेटिस होणं थांबलं नाही आणि इन्फेक्शनने मरणारे थोडे वाढले. दाह आपल्याला वाचवतोपण ना, तो पूर्ण बंद करून चालत नाही.

सध्या गवगवा आहे तो सेमाग्लुटाइडचा, 2025 पासून वजन कमी करायचं इंजेक्शन म्हणून भारतातपण मिळतंय. 2023 च्या सिलेक्ट ट्रायलमध्ये डायबेटिस नसलेल्या पण हार्टचा आजार असलेल्या जाड लोकांत हार्टच्या मोठ्या घटना 20 टक्क्यांनी घटल्या आणि सीआरपीही बरंच खाली आलं. हा फायदा नुसता वजनामुळे की औषध दाहावर वेगळं काम करतं यावर डॉक्टरांमध्ये अजून खल चालू आहे. व्यायामाचंपण असंच, वजन फार न उतरताही पोटातली चरबी कमी होते आणि चालू स्नायूतून आयएल-६ निघतं, जे चरबीतून निघालं की वाईट म्हणतात तेच, पण थोड्या वेळापुरतं आलं की उलट दाह कमी करायला मदत करतं. दाह कमी होतो म्हणून हळदीच्या कॅप्सूल विकणारे यातलं काही सांगत नाहीत, हळदीतलं करक्युमिन पोटातून रक्तात फार कमी पोचतं हेही नाही.

तपासायला एचएस-सीआरपी नावाची, तेच सीआरपी बारकाईने मोजणारी ब्लड टेस्ट असते. लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या खाली हार्टच्या आजाराचा धोका कमी, 1 ते 3 मध्यम, 3 च्या वर जास्त. 10 च्या वर आलं तर ते बहुतेक वेळा चरबीचं नसतं, कुठेतरी इन्फेक्शन किंवा दुसरं काही चालू असतं, त्यामुळे सर्दी-खोकला, दाढ दुखणं असलं काही असेल तर तेवढे दिवस थांबून करावी आणि एका रिपोर्टवर न जाता दोनेक आठवड्यांनी परत करून बघावी.