डिकीतला फ्यूज

पावसाळ्यात मागच्या काचेवर धुकं साचतं, आपण हीटरचं बटण दाबतो आणि काच तशीच पांढरी राहते. मग गाडी कडेला घेऊन सवयीने बॉनेट उघडलं जातं. मर्सिडीजची जुनी ई-क्लास असेल (कारखान्याच्या भाषेत डब्ल्यू 211, साल 2002 ते 2009, आपल्याकडे ती पुण्यात जुळवली जायची), तर बॉनेटखाली फ्यूजची एक ऐसपैस पेटी सापडतेसुद्धा. फक्त मागच्या काचेचा फ्यूज तिच्यात नसतो. तो असतो डिकीत, बाजूच्या अस्तरामागे. तिसरी पेटी डॅशबोर्डच्या टोकाला असते आणि तिचं झाकण दार उघडल्याशिवाय दिसतच नाही. शिवाय बॅटरीशेजारी जाडजूड पट्ट्यांचे आणखी काही फ्यूज असतात ते वेगळेच.

जुन्या फियाटवर हात बसलेल्या माणसाला हा सगळा खोडसाळपणा वाटतो. तिथे चिनीमातीच्या कांड्यांसारखे मोजके फ्यूज, तेही एका जागी. एवढी महाग गाडी करायची आणि पंधरा रुपयांचा फ्यूज लपवून ठेवायचा? पण यात लपवाछपवी नाही. फ्यूज नेमका कशासाठी असतो हे पक्कं कळलं, की नकाशा हातात नसतानाही या पेट्यांच्या जागांचा बराचसा अंदाज बांधता येतो.

फ्यूज रेडिओला, पंपाला किंवा हीटरला वाचवायला असतो, असा सर्वसाधारण समज आहे. खरं म्हणजे तो वायरीला वाचवतो. गाडीच्या बॅटरीचा दाब 12 व्होल्टच, हात लावला तरी झटका बसत नाही. पण तिची पॉझिटिव्ह वायर पत्र्याला टेकली तर ती शेकडो अँपिअर करंट ओतू शकते. वायरीत निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. करंट दहापट झाला की उष्णता शंभरपट. बारीक वायर क्षणात लाल होते, तिचं आवरण पेटतं आणि शेजारच्या वायरींनाही सोबत घेतं. या वायरीआधी वितळणारा, मुद्दाम कमकुवत ठेवलेला धातूचा तुकडा म्हणजे फ्यूज. घरच्या किटकॅट फ्यूजमध्ये बारीक तार घालतो, तीच ही युक्ती. दहाचा फ्यूज वारंवार उडतो म्हणून तिसाचा बसवणं म्हणजे ते दुबळेपण वायरीकडे सोपवणं. लाल काढून हिरवा बसवला की काम झालं, असं वाटतं. रंगांचा अर्थ मात्र सजावटीचा नाही. लाल 10 अँपिअरचा, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30.

वायरीचं रक्षण करायचं, तर राखणदार वायरीच्या सुरुवातीलाच उभा हवा. कालव्याची उपमा इथे चपखल बसते. मुख्य कालव्यातून चारी निघते तिथेच दार असतं; चारीच्या शेवटी, शेताच्या बांधावर दार बसवून उपयोग नाही, कारण मध्येच चारी फुटली तर पाणी भलतीकडे जाणार. गाडीतही जाड केबल जिथे संपते आणि बारीक वायरी फुटतात, तिथेच फ्यूजची पेटी येते. म्हणून पहिला प्रश्न फ्यूज कुठे आहे हा नसतो, बॅटरी कुठे आहे हा असतो.

आणि या गाड्यांत मुख्य बॅटरी मागे असते. डब्ल्यू 211 मध्ये डिकीच्या फरशीखाली, त्याच काळातल्या बीएमडब्ल्यू 5 सीरीजमध्ये (ई 60) डिकीच्या उजव्या बाजूला. इंजिनाची धग बॅटरीचं आयुष्य खाते, आणि वीस-पंचवीस किलोचं वजन मागे नेलं की पुढच्या-मागच्या चाकांवरचा भार सारखा व्हायला मदत होते. सुरुवातीच्या डब्ल्यू 211 मध्ये तर बॉनेटखाली दुसरी छोटी बॅटरीही आहे, ब्रेकच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला आधार म्हणून. ती बघून अनेकांची फसगत होते. मुख्य बॅटरी हीच, असं धरून ते पुढेच शोधत बसतात.

आता मागच्या काचेचा हीटर घ्या. तो सुमारे 20 अँपिअर ओढतो असं धरू. बॅटरी मागे, हीटर मागे, आणि फ्यूजची पेटी पुढे ठेवली, तर करंटला चार मीटर पुढे जाऊन चार मीटर परत यावं लागेल. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या आठ मीटर वायरीचा रोध सुमारे 0.054 ओहम भरतो. म्हणजे वाटेतच 1 व्होल्टहून थोडा जास्त दाब गळाला आणि वीसेक वॉट उष्णता विनाकारण गालिच्याखाली गेली. काचेला मिळणारी शक्ती साधारण सहाव्या हिश्शाने घटली. जाड वायर घालावी तर वजन आणि तांब्याचा खर्च. त्यापेक्षा डिकीतच पेटी ठेवली की प्रश्न मिटतो. इंधनाचा पंप, मागचे दिवे यांचे फ्यूज त्याच पेटीत सापडतात ते यामुळेच.

पण बटण तर डॅशबोर्डवर आहे. करंट बटणातून जायला नको का? रिले येतो तो इथे. टपालाचे घोडे टप्प्यावर बदलत, त्यावरून आलेलं हे नाव. अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी 1835 च्या सुमारास तारेतल्या क्षीण करंटाने विद्युतचुंबक हलवून दुसरं, जोरकस मंडल सुरू करून दाखवलं. गाडीतल्या रिलेत तेच चालतं. साधारण 85 ओहमच्या गुंडाळीतून जेमतेम 0.14 अँपिअर वाहतो, लोखंडी पट्टी टक्कन ओढली जाते आणि 30-40 अँपिअरची वाट उघडते. रिलेच्या पायांवरचे 85, 86, 30, 87 हे आकडे जर्मन मानकातले आहेत आणि कुठल्याही गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला ते पाठ असतात: 85-86 गुंडाळी, 30 बॅटरीकडून, 87 कामाकडे.

डब्ल्यू 211 सारख्या गाड्या याच्याही पुढे गेल्या. बॉशने 1986 मध्ये डेट्रॉइटला कॅन नावाची पद्धत जगापुढे मांडली: दोन वायरींच्या जोडीवरून गाडीतले संगणक एकमेकांना निरोप देतात. हीटरचं बटण आता करंट सोडत नाही, निरोप सोडतं. डिकीतल्या पेटीत बसलेला संगणक तो ऐकतो आणि शेजारचा रिले खेचतो. म्हणजे ती नुसती फ्यूजची पेटी राहिलीच नाही. मर्सिडीजच्या आकृत्यांत तिला एन 10/2 म्हणतात, बॉनेटखालची एन 10/1. आकृतीत फ्यूजला एफ आणि रिलेला के हे अक्षर असतं, एवढं माहीत असलं तरी अनोळखी आकृती वाचता येते. के दिसला म्हणून काढता येणारा रिले मिळेलच असं मात्र नाही. काही रिले सर्किट बोर्डावरच डाखलेले असतात, काहींची जागा अर्धवाहक स्विचने घेतलेली असते, आणि त्यातून टक् असा आवाजही येत नाही. आवाज नाही म्हणजे रिले गेला, हा जुना निकष इथे चुकवतो.

पेटी सापडली की लगेच फ्यूज उपटू नका. ब्लेड फ्यूजच्या (चपट्या पात्यांच्या रंगीत फ्यूजच्या) डोक्यावर धातूचे दोन उघडे ठिपके असतात. संबंधित यंत्र चालू ठेवून टेस्ट लॅम्प (एक टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेला छोटा दिवा) दोन्हींवर टेकवा. एका बाजूला उजेड आणि दुसरीकडे नाही, तर फ्यूज उडालाय. दोन्हीकडे उजेड आहे तरी यंत्र बंद, तर दोष फ्यूजच्या पुढे, यंत्राकडे आहे. एकीकडेही नाही, तर फ्यूजच्या मागे, बॅटरीकडे. (हायब्रिड किंवा विजेच्या गाडीत नारिंगी आवरणाची केबल दिसली, तर हे सगळं विसरून हात मागे घ्या. तिथे शेकडो व्होल्ट असतात.)

हेच ठिपके आणखी एका कामाला येतात आणि मला तर तेच जास्त आवडतं. दोन आठवडे गावाला जाऊन आलं की बॅटरी उतरलेली, असा आजार या गाड्यांना फार. कोण रात्री चोरून करंट पितंय? एकेक फ्यूज काढून बघायला गेलं, तर संगणक दचकून जागे होतात किंवा चुकणारा संगणक पुन्हा सुरू होऊन शहाण्यासारखा वागायला लागतो. त्याऐवजी डिकी उघडून तिच्या कुलपाची खिट्टी पेचकसाने दाबून ठेवायची, म्हणजे गाडीला डिकी बंद झाल्यासारखी वाटते. गाडी लॉक करून किल्ली लांब ठेवायची. सगळे संगणक झोपी जायला अर्धा-पाऊण तास द्यायचा. मग मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या दोन ठिपक्यांवर टेकवत जायचं. दहाच्या फ्यूजचा रोध 7-8 मिलिओहम, त्यामुळे 1 मिलिव्होल्ट दिसला तर सुमारे 0.13 अँपिअर वाहतोय. झोपलेली अख्खी गाडी साधारण 0.05 अँपिअरच्या आत असायला हवी. 0.13 म्हणजे दिवसाला तीन अँपिअर-तासांहून जास्त. 80 अँपिअर-तासांची बॅटरी पंधरा दिवसांत निम्म्याहून अधिक रिकामी. बाकी सगळीकडे मीटर शून्य दाखवतो आणि एका धडधाकट, न उडालेल्या फ्यूजवर काटा जरासा हलतो. चोर त्याच वायरीवर आहे.